फाके म्हणजे जुनी भिंत

“हम फाके हैं, दीदी,” ती म्हणाली आणि मी फस्सकन हसले.

हसायला नको होतं. पण माझ्या कानाला फाके म्हणजे घरात चूल न पेटणं. आजी सांगायची, तुझा बाप पोटात होता त्या साली आपल्याकडे दोन-दोन दिवस फाके पडायचे पोरी. नागपूर सोडल्यापासून तो शब्द मी ऐकला नव्हता. आणि इथे न्यू जर्सीत, एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, डब्यात गच्च भात भरून आणलेली बाई मला सांगत होती की आम्ही फाके आहोत.

“सगळे हिंदीवाले हसतात,” ती म्हणाली. रागावली मुळीच नव्हती. “आमच्या भाषेत फा म्हणजे भिंत आणि के म्हणजे जुनी. जुन्या भिंतीपाशी राहणारे ते फाके. ताई फाके.”

“ताई? मग मला कशाला दीदी म्हणतेस?”

ह्यावर दोघीही हसलो आणि तिथून आमची गट्टी जमली. ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, बेंच माझ्या शेजारी. आम्ही हिंदीत बोलायचो. तिच्या हिंदीत बाई-पुरुष सगळे एकच, हम जाएगा, तुम आएगा, त्यामुळे तिचं बोलणं इथे मी बहुतेक मराठीतच लिहिते.

ती वरच्या आसामातली, बुढी दिहिंग नदीकाठच्या एका गावातली. तिचे लोक मूळचे ब्रह्मदेशातल्या हुकॉन्ग खोऱ्यातले. ती जुनी भिंत तिथे होती म्हणे. कुणी बांधली, कशासाठी बांधली, कुणाला ठाऊक नाही. तिचे आजोबा तर म्हणत, भिंत कसली, तो दगडाचा कडा असणार. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी ते लोक पाटकाईचे डोंगर ओलांडून आसामात आले. भिंत तिकडेच राहिली, नाव तेवढं सोबत आलं. त्यांच्या आधी आलेले त्यांचेच भाऊबंद आसामचे राजे झाले आणि हळूहळू आपली भाषा विसरले. ह्यांनी राज्य केलं नाही, पण भाषा आणि बुद्ध मात्र सोडला नाही. आज सगळे मिळून बोटांवर मोजता येतील एवढी गावं.

हे सगळं मला पाठ झालं, कारण ती ते दर आठवड्याला कुणा ना कुणाला सांगत असायची. गेटवरचा गार्ड विचारायचा, चायना? कॅन्टीनमधली बाई म्हणायची, थाय फूड मला फार आवडतं. आणि आपले देशी लोक तर विचारूच नका. एकानं तिला चक्क नमस्ते कसं म्हणायचं ते शिकवलं. हात जोडून दाखवले मेल्यानं! आणि ही बया शांतपणे पहिल्यापासून सुरू करायची, ताई म्हणजे थाई नाही, आमचं खोरं, आमची भिंत, आमचे डोंगर.

एकदा मला राहवलं नाही. “काय करून राहिली तू? कशाला प्रत्येकाला सांगत बसते? नाही सांगितलं तर काय बिघडतं?” रागाच्या भरात मी मराठीत बोलले, आणि तेही नागपूरचं मराठी. करून राहिली, हे एरवी माझ्या तोंडून चुकूनही निघत नाही. इथल्या मंडळींमध्ये वावरताना मी ते घासूनपुसून काढलंय.

ती फक्त एवढंच म्हणाली, “विचारतात म्हणून सांगते.”

मला कुणी विचारत नव्हतं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’. रंग सावळा, पण एवढा कुणाचा नसतो? ऐकणारा आपापल्या सोयीनं काय ते समजायचा आणि मी समजू द्यायची. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी नागपूरच्या त्या मैदानावर लाखो लोकांबरोबर उभं राहून दीक्षा घेतली. त्याआधी आम्ही कोण होतो ते मराठी वाचणाऱ्याला फोड करून सांगायला नको. गावकूस म्हणजे तरी काय? गावाभोवतीची भिंतच की. आमचे लोक गावकुसाबाहेरचे. भिंतीच्या नावानं ती ओळखली जायची आणि आम्हीही. ती तिचं नाव भेटेल त्याला सांगायची आणि माझं मी गिळून बसले होते.

ह्याला कारण होतं. अठरा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा अमेरिकेत आले ती व्हर्जिनियातल्या हर्नडनला. तीन मराठी मुलींबरोबर अपार्टमेंट शेअर केलं होतं, स्वयंपाक एकत्र, आळीपाळीनं. काय मजेत चाललं होतं! एका रविवारी मी बॅगेतून फोटो काढून माझ्या टेबलावर ठेवला. निळ्या कोटातला, चष्मा घातलेला. आमच्या घरी जन्मलेलं मूल बोलायला लागण्याआधी तो फोटो ओळखतं. पुढच्या सोमवारी तिघी म्हणाल्या, आम्ही डाएट सुरू करतोय गं, आपापलं वेगळं करू या. तिघींचं डाएट एकाच दिवशी. नंतर त्या तिघी एकत्र जेवताना मला खोलीत वास यायचा, फोडणीचा. मी दार लावून ब्रेड खायची.

तेव्हापासून तो फोटो कपाटात. लग्न झालं, वेस्ट विंडसरला घर झालं, तरी कपाटातच. कपाट मोठं आहे, आत उभं राहता येतं. लेक लहान असल्यापासून मी तिला घेऊन आत जायची, दार लावायची, हिवाळी कोटांच्या रांगेत उभं राहून आम्ही त्रिशरण म्हणायचो. तिला वाटायचं सगळ्यांकडे असंच असतं.

बुद्धाची मूर्ती मात्र मी हॉलमध्ये ठेवली होती. पितळेची, वीतभर उंचीची. मी अमेरिकेला निघाले तेव्हा आईनं दिलेली. आई आता नाही. टीव्हीच्या युनिटच्या सगळ्यांत खालच्या फळीवर, मनी प्लँट आणि सुगंधी मेणबत्तीच्या मध्ये. इथं कुणाच्याही घरी जा, गोऱ्याच्या, देशी माणसाच्या, केस कापायच्या दुकानात, बुद्ध बसलेलाच असतो. त्यामुळे माझाही त्यात खपून गेला. येणारे म्हणायचे, क्यूट आहे. मला वाटायचं, काय डोकं चालवलंय मी!

आणि दर जानेवारीत माझ्या घरी हळदीकुंकू. हो, माझ्या घरी. एकदा समजू द्यायचं ठरलं की सगळंच करावं लागतं. ह्या घरात येऊन अकरा वर्षं झाली, अकरा वर्षं मी तीळगूळ वाटत होते, ओट्या भरत होते, सत्यनारायणाला दुसऱ्यांच्या घरी मांडी घालून बसत होते. पाय बधिर व्हायचे, उठता यायचं नाही, आणि बाकीच्या म्हणायच्या, किती मन लावून ऐकते ही!

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक काकू राहतात, पुण्याच्या. वयानं मोठ्या, त्यामुळे त्यांनी म्हटलं की ते ठरलं. स्वभावानं प्रेमळ. माझी लेक झाली तेव्हा डिंकाचे लाडू आणून दिले होते. फक्त योगायोग असा की माझ्या हळदीकुंकवाला दर वर्षी त्यांचा उपास. “शनिवार गं माझा,” म्हणायच्या आणि पर्समधून केळं काढायच्या. एका वर्षी मी मुद्दाम साबुदाण्याची खिचडी केली, तर म्हणाल्या साबुदाणा मला सोसत नाही. मला बिचारीची दया यायची.

ह्या वर्षी मी माझ्या फाके मैत्रिणीलाही बोलावलं. ती एकटी राहते, आणि खरं सांगायचं तर तिच्याशी बोलताना मला मी कोण हे आठवत नसे. घरात असं एक तरी माणूस असावं असं मला वाटलं. मूर्ती माझ्या डोक्यातही आली नाही.

ती आली तेव्हा आठ-दहा जणी बसल्या होत्या. बर्फानं भिजलेले बूट दारात काढून ती हॉलमध्ये आली, हसली, आणि एकदम थांबली. टीव्हीच्या युनिटकडे बघत होती. मग ती गुडघ्यांवर बसली आणि कार्पेटवर कपाळ टेकवून तीन वेळा नमस्कार केला. कुणी तरी हळूच म्हणालं, योगा करतेय का? ती उठली, दोन्ही हातांनी मूर्ती उचलली, मनी प्लँटचं वाळकं पान झटकलं, आणि फायरप्लेसच्या वर, सगळ्यांच्या डोक्याहून उंच, अलगद ठेवली. मग माझ्याकडे वळली. तिचा चेहरा असा उजळला होता, जणू परक्या गावात चुलत बहीण भेटली.

“दीदी! आप लोग भी बौद्ध हैं? कभी बोला नहीं!”

बापरे. लेक स्वयंपाकघराच्या दारात तीळगुळाचा ट्रे घेऊन उभी होती. काकू केळं हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. सगळ्याच बघत होत्या. एक हो म्हणायचं होतं, बाकी काही नाही. माझ्या डोळ्यांपुढे ते हर्नडनचं स्वयंपाकघर आलं.

“नहीं, नहीं,” मी म्हणाले, आणि हसले सुद्धा. “वो तो शोपीस है.”

लेकीनं ट्रे खाली ठेवला आणि ती वर निघून गेली. कपाटाचं दार आपटल्याचा आवाज आला.

मैत्रीण गोंधळली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, हेच तर झालं. असल्या गोष्टीत कुणी खोटं कशाला बोलेल? ती म्हणाली, “सॉरी दीदी. मग शोपीस असेल तर मला द्याल? आमच्यात मूर्ती अशी जमिनीलगत ठेवत नाहीत. मी घरी नेते, नीट ठेवते.”

“देऊन टाक की यार,” सोफ्यावरून एकजण म्हणाली. “असले कुठंही मिळतात, सेलमध्ये.”

सगळ्या हसल्या. काकू हसल्या नाहीत, केळं सोलायला लागल्या. मी काय करणार होते? नाही म्हणावं तर का नाही, ते सांगावं लागणार. मी स्वयंपाकघरात गेले, स्वच्छ पंचा आणला, आईची मूर्ती त्यात गुंडाळली आणि तिच्या हातात दिली. वर तिची ओटीही भरली.

त्या संध्याकाळी लेक मला एवढंच म्हणाली, “यू गेव्ह अवे आजीज बुद्धा.” त्यानंतर ती माझ्याबरोबर कपाटात आली नाही.

पुढचे तीन महिने माझे कसे गेले ते माझं मला माहीत. ती शेजारच्या बेंचवर, रोज. आणि रोज डबा उघडला की प्रेमानं बातमी द्यायची. दीदी, तुमचा बुद्ध मजेत आहे. आज फुलं ठेवली. रोज पाणी बदलते. फोटो दाखवायची, तिच्या तीन मूर्तींशेजारी माझ्या आईची, उंच फळीवर. मी घास चावत बसायची. परत दे म्हणायला तोंड उघडलं की मागचं सगळं बाहेर येणार. घरी टीव्ही लावला की त्या रिकाम्या फळीवर नजर जायची. मेणबत्ती मी कचऱ्यात टाकली.

त्याच दिवसांत एकदा तिनं मला त्यांची लिपी दाखवली. पेपर नॅपकिनवर लिहून दाखवलं, मा. एका सुरात म्हटलं की कुत्रा, दुसऱ्या सुरात घोडा, तिसऱ्या सुरात ये. मी म्हटलं, मग लिहिताना सूर दाखवतात कसा? ती म्हणाली, जुन्या पोथ्यांत दाखवतच नाहीत. ज्याला आधीच माहीत आहे तो बरोबर वाचतो. मी तेव्हा हसले, म्हटलं, भलतीच चतुर आहेत तुमची अक्षरं.

एप्रिल उजाडला. ती म्हणाली, “ह्या रविवारी या. आमचं सांगकेन आहे, पाण्याचा सण. गावी सगळ्या मूर्ती बाहेर काढून आंघोळ घालतात. इथे मी एकटीच आहे, तुम्ही तरी या.” एप्रिलचा मध्य. चौदा एप्रिल आमच्या घरात कोणाच्या जयंतीचा दिवस, ते मी तिला कुठे सांगितलं होतं! मी गेले.

तिच्या बाल्कनीत प्लॅस्टिकचा टब, त्यात पाणी, पाण्यात फुलं. वारा होता पण ऊन छान होतं. तिनं एकेक मूर्ती आणली आणि वाटीनं पाणी घालून हातांनी धुतली. तीन झाल्या. चौथी माझी. तिनं ती पुसायला उलटी केली आणि हात थांबला.

“दीदी, इथे काही लिहिलंय.”

मी विसरले होते. साफ विसरले होते! आपल्याकडे भांडं घेतलं की दुकानातच नाव घालून घेतात, कुणी कुणाला दिलं, कधी दिलं. आईनं मूर्तीवरही घालून घेतलं होतं, भांड्यावर घालतात तसं, टिंबाटिंबांचं. ती एकेक अक्षर लावून वाचत गेली. चिरंजीव. मग माझं नाव. मग, आईकडून.

“आई म्हणजे माँ ना?” तिनं विचारलं.

मी मान हलवली.

“शोपीस?”

तिचे डोळे भरून आले, आणि मला वाटलं की तिला माझी कीव आली. पण तसं नव्हतं, ती संतापली होती. इतकी संतापलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. “तीन महिने मी कुणाच्या तरी आईचा बुद्ध घेऊन बसलेय,” ती म्हणाली. “तुमने हमको चोर बनाया, दीदी.”

मग मी तिथेच बाल्कनीत ओल्या फरशीवर बसले आणि सगळं सांगितलं. आजोबा, गावकूस, हर्नडन, डाएट, कपाट. रडले, नाक पुसलं, पुन्हा रडले. ती ऐकत होती. मधे एकदाच म्हणाली, “तुम्हाला लपता येतं. माझा चेहरा बघूनच लोक विचारायला लागतात. मला कितीदा वाटतं, एक दिवस तरी कुणी काही विचारू नये.” तिनं वाटी माझ्या हातात दिली. मी आईच्या मूर्तीवर पाणी घातलं आणि तोंडातून आपोआप निघालं, बुद्धं सरणं गच्छामि. तीही म्हणायला लागली, तिच्या चालीत. शब्द तेच, उच्चार थोडे वेगळे. उघड्यावर, भर दुपारी, खाली पार्किंगमध्ये माणसं येत-जात असताना. मी पन्नाशीला आले तरी ह्या देशात असं कधी म्हटलं नव्हतं.

निघताना तिनं मूर्ती त्याच पंच्यात बांधून दिली आणि केळीच्या पानात बांधलेला भात, लेकीसाठी. मूर्ती मी शेजारच्या सीटवर ठेवली आणि पट्टा लावला. घरी पोचले तर काकू मेलबॉक्सपाशी पत्रं काढत उभ्या. नेहमीसारखी मी हात हलवून सरळ गराजमध्ये शिरले असते. पण ठरवलं, आज नाही. आता सांगितलं नाही तर मग कधीच नाही. गाडी थांबवली, काच खाली केली.

काकूंनी आत डोकावून सीटवरच्या पंच्याकडे पाहिलं. “अगं, आणलंस का परत ते शोपीस?”

“शोपीस नाही काकू,” मी म्हणाले. “माझ्या आईची मूर्ती आहे. आम्ही बौद्ध आहोत.”

काकूंना काहीच वाटलं नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मायेनं, लाडू देताना ठेवला होता तसाच. “अगं वेडे, ते का आम्हाला माहीत नाही? पहिल्याच वर्षी ह्यांनी तुझ्या आडनावावरून आणि गावावरून ओळखलं होतं. सगळ्यांनाच माहितीये. पण कधी जाणवू दिलं का आम्ही तुला?”

नॅपकिनवरची ती अक्षरं मला आठवली. ज्याला आधीच माहीत आहे तो बरोबर वाचतो. म्हणजे अकरा वर्षं मी कपाटाचं दार लावून घेत होते, आणि बाहेर सगळ्या जणी बसून माझा तीळगूळ घेत होत्या, सगळं माहीत असून. त्या दिवशी मी शोपीस म्हणाले, तेही त्यांनी माहीत असून ऐकलं. आणि मग मला ते केळं दिसलं. इथे कुणाचं हळदीकुंकू शनिवारी नसतं? आठवडाभर सगळ्यांच्या नोकऱ्या, सगळ्यांचीच शनिवारी. माझ्या हळदीकुंकवाच्या आदल्या शनिवारी, दोन घरं सोडून पलीकडच्या हळदीकुंकवाला, काकूंनी दोन पुरणपोळ्या वर तूप घेऊन खाल्ल्या होत्या. मीच वाढल्या होत्या.

“काकू,” मी विचारलं, “माझ्या घरी दर वर्षी तुमचा उपास कशाचा असायचा हो?”

काकूंनी हात काढून घेतला. हातातली पाकिटं उगाच वरखाली केली, त्यातलं एक उलटून बघितलं.

“वारा सुटलाय बाई,” त्या म्हणाल्या, “आत जाते मी.”